टी-टेस्ट लावायच्या आधी

अरे थांब, बीपीच्या दोन सरासरींची टी-टेस्टने (सरासरीतला फरक तपासायची चाचणी) तुलना करायची म्हणतोस, पण लगेच पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता) काढायला जाऊ नकोस, आधी तुझ्या दोन गटांत खरंच वेगवेगळी माणसं आहेत का ते बघ. म्हणजे त्याच पेशंटचं औषधाआधीचं आणि नंतरचं बीपी असेल तर ते दोन गट नाहीतच, तिथे पेअर्ड (एकाच माणसाच्या दोन आकड्यांची जोडी धरणारी) टी-टेस्टच लागते, साधी लावलीस तर माणसामाणसातला फरक मधे येतो आणि औषधाचा खरा परिणाम त्यात हरवून जातो. एक्सेलमध्ये टी.टेस्ट फॉर्म्युल्याला शेवटचा आकडा टाकतो ना, तिथेच सगळी गोची होते. 1 म्हणजे पेअर्ड, 2 म्हणजे दोन्हीकडे व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) सारखा धरून, 3 म्हणजे तसं न धरता, तीच वेल्चची टेस्ट. गट वेगळे असतील तर सरळ 3 टाक, व्हेरियन्स सारखा निघाला तरी फारसं काही बिघडत नाही. डेटा एका बाजूला खूप झुकलेला आणि सॅम्पल लहान असेल तर मान-व्हिटनी टेस्ट (सरासरीऐवजी आकड्यांच्या क्रमावर चालणारी) बघ.

आणि पी 0.05 च्या खाली आला की काम झालं असं समजू नकोस रे, सरासरीत फरक किती एमएमचा आणि त्याचा 95% कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) काय ते आधी लिही, कारण हजार-हजार पेशंट असतील तर 2 एमएमचा फरकही सिग्निफिकंट (म्हणजे पी 0.05 च्या खाली) येतो, पण तेवढ्यावर डॉक्टर गोळी बदलेल का? शीट पाठव, कॉलम बघून सांगतो.