जोर दिल्याशिवाय बटण लागत नाही

प्रश्न : माझ्याकडे निन्टेन्डो एनईएस या व्हिडिओ गेम यंत्राचा जुना, मूळ कंट्रोलर आहे. उजवी दिशा अंगठ्याने जोर दिल्याखेरीज लागत नाही आणि ‘ए’ बटण चिकटते. केबल बदलावी का?

उत्तर : केबलला हात लावू नका. या कंट्रोलरमधील चिप आठही बटणांची स्थिती एकाच तारेवरून एकामागोमाग पाठवते. त्यामुळे बाकीची बटणे नीट चालत असताना एकाच दिशेचा दोष तारेत असणे जवळजवळ अशक्य आहे. (केबल हलवताच सगळी बटणे एकदम बंद पडली असती, तर गोष्ट वेगळी होती.)

मागचे ६ स्क्रू काढा आणि केबल आत कशी वळवली आहे, याचे छायाचित्र आधी घ्या. रबराच्या पडद्याखाली काळ्या कार्बनच्या टिकल्या दिसतील. बटण दाबले की टिकली सर्किट बोर्डावरचे दोन पट्टे जोडते. मध्ये चिकट थर साचला की ही जोडणी जोर दिल्यावरच होते. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित ओलवून पट्टे पुसावेत. टिकल्यांवरून मात्र ती फक्त एकदा अलगद फिरवावी, कारण घासल्यास कार्बनच निघून येतो. पॉलिशपेपरचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये.

‘ए’ बटण व प्लॅस्टिकचे कवच साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. एवढे करूनही दिशा लागली नाही, तरच नवे रबर घ्यावे.