उन्हाळ्यात तंबोऱ्याची चीर आणि घसरत्या खुंट्या

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचा तंबोरा देवळाच्या टिनाच्या खोलीत असतो. मे महिन्यात खुंट्या घसरतात, आता भोपळ्याच्या जोडाजवळ बारीक चीर दिसते. काय करावे? – एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी ती खोली बदला. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, टिनाखाली त्याहून जास्त. कोरड्या उष्णतेत लाकूड आणि भोपळा वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून जोड उकलतो. मातीच्या भिंतीची खोली उत्तम. कूलरच्या झोतात मात्र कधीच ठेवू नका. दिवसा ओल, रात्री कोरड, हा हेलकावा सर्वांत वाईट.

तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका. पूर्ण सैल केल्यास घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) सरकते आणि जवारी (तारेचा गुंजणारा नाद) पुन्हा जुळवावी लागते. खुंटी काढून कोरड्या फडक्याने पुसा, खडूची पूड लावा, आत दाबत फिरवा. तेल अजिबात नको, खुंटी आणखी घसरेल. भोपळ्याखाली कापडाची चुंबळ द्या.

चीर स्वतः फेव्हिकॉलने भरू नका. तारा तशाच दोन-तीन स्वर उतरवून वाद्य कारागिराकडेच न्या. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. पावसाळ्यात याच खुंट्या फुगून अडकतील, तेव्हा पक्कड लावू नका.