केबलच्या सेट-टॉप बॉक्सवरून घरभर वायफाय मिळेल का?

तुम्ही विचारलंय की, वेंगुर्ल्याजवळ गावी चिऱ्यांचं जुनं घर आहे, केबलवाला म्हणतो ‘नवा वायफायवाला बॉक्स घ्या, राऊटर नको’, तर ओटीवरच्या बॉक्सवरून मागच्या पडवीतल्या पाहुण्यांच्या खोलीपर्यंत वायफाय जाईल का?

त्याला आधी एवढंच विचारा, बॉक्स वायफाय देतो की घेतो? आपल्याकडे केबलच्या ज्या बॉक्सला ‘वायफायवाला’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच बॉक्सांच्या यूएसबीत नखाएवढा डोंगल खोचलेला असतो. तो तुमच्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून नेट घेतो आणि टीव्हीवर यूट्यूब दाखवतो. म्हणजे घरात वायफाय आधीच असेल तर हा बॉक्स ते वापरणार. पाणी न्यायला आलेल्यालाच विहीर समजण्यातला प्रकार.

मी बारा वर्षं गुहागर तालुक्यात केबलच्या लायनीवर काम केलंय, म्हणून जरा मुळात जातो. मूळ कल्पना खुळी नव्हती. अमेरिकेत केबलच्या तारेतून इंटरनेट द्यायचं डॉक्सिस नावाचं मानक 1997 मध्ये आलं, आणि घराघरांत चाललेलं वायफाय 1999 मध्ये. तार दिवाणखान्यात आलेली, बॉक्स चोवीस तास चालू. मग त्यालाच घरातल्या कॉम्प्युटरांचा मधला अड्डा करा, असा तो विचार. मुंबई-पुण्यात केबलचे मोडेम आलेही. पण त्यासाठी तारेतून सिग्नल परत जाण्याची वाटही लागते, 5 मेगाहर्ट्झपासून वरचा छोटा पट्टा त्यासाठी राखून ठेवलेला असतो. आमच्या लायनीवर माडांना बांधलेले ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारे डबे होते, ते सिग्नल फक्त घराकडे ढकलायचे. उलट दिशेचा भाग त्यांत बसवलेलाच नव्हता, कारण त्याचे पैसे कोण देणार?

याचा पुरावा तुमच्याच घरात आहे. रिचार्ज केलं की केबलवाला सांगतो ना, "बॉक्स चालू ठेवा, थोड्या वेळात चॅनेल येतील"? चॅनेल उघडायचा हुकूम वरून सगळ्यांना जाणाऱ्या सिग्नलमधूनच पुन्हा पुन्हा सोडतात. तुमचा बॉक्स ‘मिळाला बरं का’ असं उलट कळवू शकत नाही. खेड्यापाड्यांत ॲनालॉग बंद करायची शेवटची मुदत 31 मार्च 2017 होती. त्या घाईत जे लाखो बॉक्स वाटले गेले, ते बहुतेक असलेच, ऐकणारे पण न बोलणारे.

आता घरी येणारी तार बघा. काळी, करंगळीपेक्षा थोडी बारीक आणि टोकाला आटे असलेला पितळी कनेक्टर असेल तर ती कोॲक्स, म्हणजे केबल टीव्हीची जुनी धातूची तार. तिच्यातून नेटची आशा धरू नका. एका श्रावणात मी असाच एक कनेक्टर सोडवला होता, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आतल्या जाळीचं पांढरं पीठ झालेलं, मधली तार तांबूस गंजलेली, आणि तार खाली धरली तर टपटप दोन थेंब पडले. टीव्ही तरीही रडतखडत चालत होता. घरातल्याच कोॲक्सवर नेट पळवायची ‘मोका’ नावाची एक पद्धत आहे. ती 1125 मेगाहर्ट्झच्या वर चालते, केबल टीव्ही 862 च्या खाली, त्यामुळे एका तारेत दोन्ही नांदू शकतात. पण असल्या खाऱ्या हवेत कुजलेल्या जोडांवर तो खेळ मी तरी करणार नाही.

बारीक फायबर आली असेल तर गोष्ट वेगळी. तिच्या टोकाच्या हिरव्या किंवा निळ्या कनेक्टरसाठी केबलवाला एक छोटा डबा देतो, ओएनयू, तो फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करतो. एकाच काचेच्या तंतूतून 1490 नॅनोमीटरच्या प्रकाशावर नेट येतं, 1310 वर परत जातं, आणि 1550 वर टीव्हीचे चॅनेल येतात. टीव्हीचं भोक आणि वायफाय असलेला ओएनयू मागितलात तर तिथून कोॲक्सचा तुकडा सेट-टॉप बॉक्सला जातो आणि वायफाय ओएनयूच देतो. थोडक्यात, तुमच्या केबलवाल्याचं म्हणणं अर्धं खरं असू शकतं. जवळच्या खोल्यांपुरता वेगळा राऊटर नको, पण वायफाय देणारा डबा टीव्हीचा नव्हे.

पडवीचं मात्र अवघड आहे. आमच्या घराच्या भिंती दीड फुटी. डबा ओटीवर, टीव्हीच्या मागे होता तेव्हा मोबाईलवर वायफायचा सिग्नल डीबीएममध्ये मोजला, उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. ओटीवर उणे 45, माजघरात उणे 68, आणि मागच्या पडवीत उणे 86, म्हणजे नाव दिसतं पण व्हॉट्सॲपचा फोटो फिरत राहतो. पावसात चिरा पाणी पितो आणि पाणी वायफाय पितं, त्यामुळे मिरगानंतर आणखी रड. त्यात टीव्हीची पाठ पत्र्याची, शेजारी लोखंडी कपाट.

म्हणून ओएनयू माजघरात बसवून घ्या. लावणारा पोरगा मीटरपाशीच ठोकून पळायला बघेल, पण दहा-पंधरा मीटर फायबर जास्त सोडायला त्याला काही जड नाही. तिथून पडवीपर्यंत कॅट-सिक्स नावाची नेटची तार ओढा आणि टोकाला साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवा, म्हणजे तो तारेतून आलेलं नेट नुसतं वायफायवर पसरवेल, आणि त्याची डीएचसीपी, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरांना नेटवर्कचे पत्ते वाटायची सोय, बंद करा. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच द्या. चिऱ्याला भोक पाडायची गरज नाही. कौलारू घरात भिंतीच्या माथ्यावर आणि वाशांमध्ये फट असतेच, तिथून तार जाते. फक्त पीव्हीसीच्या नळीतून घाला, नाहीतर उंदीर आठवड्यात निकाल लावतील. मेशचे, म्हणजे एकमेकांकडे वायफाय पुढे ढकलणारे डबे दुकानदार गळ्यात मारेल, पण बिनतारी मेशलासुद्धा त्याच भिंती ओलांडायच्या असतात.

वीज गेली तर ओएनयूला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, मात्र केबलवाल्याकडेही बॅकअप आहे का ते विचारून घ्या, नाहीतर तुमचा दिवा पेटलेला आणि नेट गायब.

शेवटचं, विजेचं. मे-जूनला आणि परतीच्या पावसात कोॲक्सवरून आलेल्या झटक्याने टीव्ही गेलेले मी मोजायचे सोडून दिले. काचेतून वीज येत नाही हे खरं, पण बाहेरून येणाऱ्या फायबरला आधाराची पोलादी तार चिकटलेली असते. ती घराबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडायला सांगा, आत नुसता तंतू आणा. आणि गडगडायला लागलं की प्लग काढा.