सोसायटीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीसाठी ३.३ किलोवॅटचा चार्जर पुरेल, की ७.२ किंवा ११ चा घ्यावा?

तुमच्या प्रश्नातील माहिती अशी आहे: कांदिवलीच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग (इमारतीच्या खांबांमधली तळमजल्याची मोकळी जागा), बुक केलेल्या गाडीची बॅटरी ४० युनिटची (म्हणजे ४० किलोवॅट-तासांची), रोजचे जाणे-येणे सुमारे ४५ किलोमीटर. गाडीसोबत ३.३ किलोवॅटचा पोर्टेबल चार्जर मिळणार आहे. एक जण ७.२ चा भिंतीवरचा चार्जर बसवा म्हणतो, तर दुसरा ११ चा. मी मुलुंडला राहतो आणि चार वर्षांपासून सोसायटीतच गाडी चार्ज करतो. माझे मत असे आहे की चार्जरच्या आकड्यापेक्षा मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची केबल आणि अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत उतरवणारी जोडणी) यांच्यावर आधी पैसे खर्च करावेत.

मुंबईच्या रहदारीत वातानुकूलन लावून अशी गाडी एका युनिटमध्ये साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. म्हणजे तुम्हाला रोज सात-आठ युनिट लागतील आणि ३.३ चा चार्जर तेवढे अडीच-तीन तासांत भरतो. रात्री अकराला वायर लावली तर दोनपर्यंत काम होते. पूर्ण रिकामी बॅटरी भरायला मात्र १२ ते १३ तास लागतात, आणि तेच काम ७.२ चा चार्जर सहा तासांत करतो. रात्री उशिरा गावाहून परतून सकाळी पुन्हा लांब निघायचे, असे महिन्यातून चार-पाच वेळा होत असेल तरच हा फरक जाणवतो.

११ चा चार्जर घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या. भिंतीवरचा एसी चार्जर प्रत्यक्षात वीज गाडीपर्यंत सुरक्षितपणे पोहोचवतो; एसीचे (घरात येणाऱ्या विजेचे) डीसी (बॅटरीला लागणारी वीज) करण्याचे काम गाडीच्या आत बसवलेला ऑन-बोर्ड चार्जर करतो आणि वेगाची मर्यादाही तोच ठरवतो. ११ किलोवॅट हे तीन फेजवर (विजेच्या तीन जिवंत तारांवर), प्रत्येक फेजला १६ अँपिअर या हिशेबाने मिळतात. तुमच्या गाडीचा ऑन-बोर्ड चार्जर ७.२ चा आणि सिंगल फेजचा असेल, तर ती त्यातील एकच फेज वापरू शकेल आणि तुम्हाला जेमतेम ३.७ किलोवॅट मिळतील, म्हणजे ३२ अँपिअरच्या ७.२ वाल्यापेक्षा निम्मेच. गाडीच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा पाहिल्याशिवाय कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

आता अर्थिंग. आमच्या इमारतीत पहिल्याच मे महिन्यात चार्जरचा लाल दिवा लागला आणि चार्जिंग थांबले. मिस्त्रीने मल्टिमीटर लावला तेव्हा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ यांच्यामध्ये बावीस व्होल्ट दिसले. चांगल्या अर्थिंगला ते दोन-तीनच्या आत असायला हवेत. इमारतीचा जुना अर्थिंगचा खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेला होता आणि उन्हाळ्यात पार कोरडा पडला होता. त्याच मिस्त्रीने मला उपाय सुचवला, की सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दिवा लगेच हिरवा होईल. दिवा खरोखरच हिरवा होतो, पण पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रल तुटली तर गाडीच्या संपूर्ण पत्र्यात वीज उतरू शकते आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दार उघडणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. असा जोड कोणी सुचवला तर त्याला काम देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आम्ही पार्किंगजवळ नवा केमिकल अर्थिंगचा (ओल धरून ठेवणारे मिश्रण भरलेला) खड्डा घेतला, तेव्हापासून तो लाल दिवा पुन्हा लागलेला नाही.

केबलबाबत सांगायचे तर ७.२ साठी ३२ अँपिअरचा प्रवाह तासन्‌तास वाहतो. मीटर रूमपासून अंतर ३५ मीटर असेल, तर ६ एमएमच्या (म्हणजे ६ चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या केबलमध्ये सुमारे ७ व्होल्ट पडतात आणि ४ एमएममध्ये १० च्या वर. त्यामुळे ६ पेक्षा कमी नको, अंतर जास्त असेल तर १० घ्या. आज ३.३ वर भागणार असले तरी केबल ६ ची टाका, कारण चार्जर पुढे बदलता येतो, पण पाइपमधून पुन्हा केबल ओढणे महागात पडते. स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) फक्त या लाइनसाठीच ठेवा. साधी एसी टाइपची आरसीसीबी गाडीच्या डीसी गळतीने निकामी ठरू शकते, म्हणून किमान ए टाइप घ्या आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय आहे याची खात्री करा, नाहीतर बी टाइप घ्यावी लागेल. पोर्टेबल चार्जर घरगुती पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रोज चालवू नका. माझ्या शेजाऱ्यांनी सहा महिने तसे केले. सॉकेट काढले तेव्हा त्याचे एक भोक तपकिरी होऊन वितळले होते. निळे इंडस्ट्रियल सॉकेट त्यासाठी योग्य.

समितीकडून आडकाठी आली तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची सप्टेंबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे दाखवा. निवासस्थानी असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा त्यांत स्पष्ट दिलेली आहे. मंजूर भार (तुमच्या मीटरवर वीज कंपनीने मान्य केलेले किलोवॅट) मात्र आधी तपासून घ्या आणि गरज असल्यास वाढवून घ्या.

चार्जर किती उंचीवर लावायचा, हे वॉचमनला विचारून ठरवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या स्टिल्टमध्ये पाणी कुठवर आले होते ते जुन्या वॉचमनने खांबावर हात ठेवून दाखवले. आमचे सॉकेट आणि डीबी (स्विचांची पेटी) त्या पातळीच्या वीतभर वर आहेत.

गाडीचे मॉडेल आणि मीटर रूमपासूनचे अंतर कळवलेत, तर केबलचा हिशेब मी करून देईन.