अफगाण स्त्रियांच्या निवारागृहांना मदत करायची असेल तर

पुण्यातील आपल्या महिला मंडळाने जमवलेले पैसे अफगाण स्त्रियांच्या निवारागृहासाठी द्यायचे आहेत, तर ते कोणाला द्यावेत आणि अशी घरे आज चालू तरी आहेत का, असे आपण विचारले आहे. निवेदने देऊन, आवाज उठवून काही साधते का, अशी शंकाही आपण व्यक्त केली आहे. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात अफगाण स्त्रियांच्या एका केंद्रात मी अकरा वर्षे दर शनिवारी इंग्रजी शिकवते आहे. तिथे जे पाहिले त्यावरून माझे मत असे बनले आहे की केवळ छप्पर आणि दोन वेळचे जेवण पुरवणारी मदत अपुरी पडते. बाई घराबाहेर पडल्यापासून तिला पुन्हा कुठेतरी सुरक्षितपणे राहता येईपर्यंतची सगळी वाट जे सांभाळतात, त्यांना पैसे द्यावेत.

अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत निवारागृहाला ‘खाना-ए-अम्न’ म्हणतात. आपल्या दवाखान्यातला ‘खाना’ तोच. तालिबानची पहिली राजवट गेल्यावर काबूलमध्ये अशी घरे उभी राहू लागली आणि मेरी अक्रमी यांच्यासारख्या स्त्रियांनी ती धमक्या सोसून चालवली. २००९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांच्या फर्मानाने स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्ध कायदा आला. त्यात बालविवाह, मारहाण, बलात्कार, वैर मिटवण्यासाठी मुलगी देऊन टाकण्याची ‘बाद’ ही प्रथा, अशी बावीस कृत्ये गुन्हे ठरवली गेली. मात्र त्याच काळात घरातून पळून आलेल्या बाईला ‘नैतिक गुन्ह्या’खाली तुरुंगात टाकले जात होते, आणि तिची लहान मुलेही तिच्याबरोबर आत जात होती. म्हणून निवारागृहाला वकील लागे, न्यायालयात सोबत जाणारी कार्यकर्ती लागे, नवऱ्याशी आणि सासऱ्याशी बोलणारी मध्यस्थ लागे. पूर्वी या मध्यस्थीबद्दल माझ्या मनात राग होता, कारण मारणाऱ्या घरी बाईला परत का पाठवायचे हे मला समजत नव्हते. पण जिथे एकट्या बाईला खोली भाड्याने मिळत नाही, तिथे परत जाण्याच्या अटी लेखी करून घेणे आणि पुढे महिनोन्‌महिने घरी जाऊन चौकशी करत राहणे, एवढाच मार्ग कित्येकींपुढे असे. ज्यांच्यापुढे तोही नव्हता त्या वर्षानुवर्षे निवारागृहातच राहिल्या.

‘विमेन फॉर अफगाण विमेन’ ही संस्था एप्रिल २००१ मध्ये क्वीन्समध्येच स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांमध्ये भारतात जन्मलेल्या सुनीता विश्वनाथ होत्या. पुढे तिने अनेक प्रांतांत निवारागृहे, कौटुंबिक सल्ला केंद्रे आणि तुरुंगातील आयांच्या मुलांसाठी वसतिगृहे चालवली. सप्टेंबर २०१५ मध्ये तालिबानने उत्तर अफगाणिस्तानातले कुंदुझ शहर घेतले, तेव्हा तिथल्या निवारागृहातील स्त्रियांना घाईघाईने दुसरीकडे हलवावे लागले.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि हे सारे मोडले. सरकारी आधारावर चालणारी २३ संरक्षण केंद्रे नाहीशी झाली, आणि महिला मंत्रालयाच्या इमारतीत लोकांच्या वागण्यावर नजर ठेवणारे तालिबानचे नीतिपालन मंत्रालय आले. कुटुंबात सुरक्षित पुरुष नातेवाईक नाही म्हणून काही पीडित स्त्रियांना ‘संरक्षणासाठी’ तुरुंगात ठेवले जाते, असे संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मिशनने डिसेंबर २०२३ मध्ये नोंदवले. महिला हक्क कार्यकर्त्या महबूबा सिराज यांच्यासारखी एखादी व्यक्ती काबूलमध्ये राहून उघडपणे बोलत राहिली, परंतु आज तिथे जे काम होते ते बहुतेक गुपचूप होते. म्हणून छायाचित्रे, पत्ते किंवा लाभार्थींची नावे कृपा करून मागू नका. जे कोणी चेहरे आणि शहराचे नाव दाखवून पैसे मागतात, त्यांना देऊ नका.

देशाबाहेर पडलेल्या स्त्रियांसाठीचे काम उघडपणे करता येते, आणि ते कमी महत्त्वाचे नाही. आमच्या केंद्रात येणारी बाई पहिल्या दिवशी मारहाणीबद्दल बोलत नाही. ती शाळेतून आलेले पत्र वाचून घ्यायला येते, मग विजेचे बिल घेऊन येते, मग वर्गाला बसू लागते, आणि कधी सहा महिन्यांनी, चहा घेताना, इतर बायका उठून गेल्यावर खरे काय ते सांगते. पेशावर किंवा क्वेट्टामध्ये निर्वासित म्हणून वाढलेल्या अनेकींना उर्दू येते, त्यामुळे माझे हिंदी तिथे उपयोगी पडते. दुभाषी म्हणून तिच्या मुलाला किंवा नवऱ्याला कधीही बसवायचे नाही, हा आमचा पहिला नियम आहे. पगारी दुभाषी महाग असतात, आणि देणगीदारांना हा खर्च नेहमी अनावश्यक वाटतो. माझ्या दृष्टीने सर्वांत आधी तोच भागवायला हवा, कारण तिचे बोलणे घराबाहेरच्या कोणी ऐकल्याशिवाय पुढचे काहीच सुरू होत नाही.

निवेदने देऊन, आवाज उठवून स्त्रियांची बाजू मांडण्याच्या कामाबद्दल आपण साशंक दिसता. मला एक जुना प्रसंग आठवतो. २०११ मध्ये काबूलच्या सरकारनेच सर्व निवारागृहे ताब्यात घेण्याचा आणि बाईला प्रवेश द्यायचा की नाही हे समितीने ठरवण्याचा घाट घातला होता. अफगाण स्त्रियांनी आणि त्यांच्या बाहेरच्या मैत्रिणींनी मोठा आवाज उठवला आणि सरकार मागे हटले. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिंगाधारित छळाबद्दल तालिबानच्या सर्वोच्च नेत्याविरुद्ध आणि मुख्य न्यायाधीशांविरुद्ध अटक वॉरंट काढले, त्यामागेही अफगाण स्त्रियांनी चिकाटीने जमवलेल्या साक्षी आणि नोंदी आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकार नव्हत्या. टीका झाल्यावर दोनच दिवसांत दुसरी परिषद महिला पत्रकारांसह घ्यावी लागली.

पुण्यात आपल्याला करता येण्याजोगे एक नेमके काम आहे. पुण्यात कित्येक वर्षे अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि सुटीसाठी मायदेशी गेलेले अनेक विद्यार्थी तिथेच अडकले. डिसेंबर २०२२ पासून मुलींना तिकडची विद्यापीठेही बंद आहेत. अफगाण विद्यार्थिनींना शिक्षणासाठी व्हिसा द्यावा, अशी लेखी मागणी मंडळाने आपल्या खासदारांकडे करावी, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला स्मरणपत्र पाठवावे.

पैशांबद्दल माझा सल्ला असा की ते परदेशी पाठवण्याआधी दिल्लीकडे पाहावे. लाजपतनगर, भोगल, मालवीयनगर या भागांत अफगाण निर्वासित कुटुंबे राहतात, आणि १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नसल्याने त्यांना कामाचा, शाळेचा, उपचारांचा आधार मिळणे कठीण जाते. तिथे स्त्रियांबरोबर काम करणारी नोंदणीकृत संस्था निवडा. दुभाषी कोण आहे, वकील किती दिवस येतो, जागेचे भाडे कशातून भरले जाते, हे तीन प्रश्न तिला विचारा. एकरकमी मोठी देणगी देण्यापेक्षा तीन वर्षे दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे लेखी कळवा. भाडे दर महिन्याला भरावे लागते, आणि अशी केंद्रे बहुधा दुसऱ्या वर्षी, सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर बंद पडतात.