विचारा नं मंग : लाइन गेली तरी कोड राहिला पाहिजे

प्रश्न : काका, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. अकोल्याला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते, सध्या प्रबंधाच्या कामासाठी घरी आले आहे. तुरीचा प्रयोग आहे, आठ ट्रीटमेंट (वेगवेगळे उपचार), तीन रेप्लिकेशन (प्रत्येकाची तीनदा पुनरावृत्ती). लॅपटॉप भावाचा जुना, चार जीबी रॅम, बॅटरी पार गेलेली, वायर निघाली की बंद. मामेभावानं त्यावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. आकडेमोडीसाठी आर ही प्रोग्रामिंग भाषा शिकून राहिले. मॅडम आरस्टुडिओ वापरतात, होस्टेलची मैत्रीण म्हणते व्हिम घे, यूट्यूबवाले व्हीएस कोड सांगतात. मामेभाऊ ईमॅक्स म्हणतो, पण उघडल्यावर ते बंद कसं करायचं हे तोच विसरतो. आमच्याकडे लाइन दिवसातून चारदा जाते. कोड लिहायला मी नेमका कोणता एडिटर घेऊ? (नाव छापू नये.)

उत्तर : पोरी, तू चार नावं लिहिलीस, पण चिठ्ठीतलं कामाचं वाक्य आहे ते लाइनचं. पुण्याकडे कोणता एडिटर हा आवडीनिवडीचा प्रश्न असेल, आपल्याकडे तो डीपीचा प्रश्न आहे. आणि तुझ्या लॅपटॉपला तर बॅटरीच नाही. जे डिस्कवर उतरलं नाही, ते गेलं समज.

म्हणून आधी एक प्रयोग कर. एकेक एडिटर उघड, फाइलला नाव देऊन एकदा सेव्ह कर, मग दहा ओळी टाइप कर, अर्धा मिनिट हात बाजूला घे आणि सेव्ह न करता वायर ओढ. (एका एडिटरला एकदाच. रोजचा खेळ केलास तर डिस्कच बसायची.) मी हे करून पाहिलंय. ईमॅक्स तीनशे बटनं दाबून झाली की, किंवा तीस सेकंद हात थांबला की, बाजूला एक प्रत लिहून ठेवतं, नावाच्या मागंपुढं हॅशची खूण लावून. फाइल पुन्हा उघडली की खालच्या पट्टीत सांगतं, जुनी प्रत पडून आहे, हवी असेल तर उचल. व्हिम दोनशे अक्षरांनी किंवा चार सेकंदांच्या शांततेनंतर स्वॅप फाइल, म्हणजे तात्पुरती प्रत, लिहितं. परत उघडल्यावर इंग्रजीत भला मोठा घाबरवणारा मजकूर येतो, तो पाहून लोक क्यू दाबून पळतात. पळायचं नाही, रिकव्हरचं आर दाबायचं. जीनी नावाचा एक हलका एडिटर आहे, तो आहे तसा वापरला तर काहीच ठेवत नाही. त्याचा उपाय पुढं सांगतो. सगळ्यात वाईट आरचं स्वतःचं कन्सोल, म्हणजे हुकूम थेट टाइप करायची खिडकी. तिथं टाइप केलेलं जातंच, पण वरचा बाण दाबला की मागच्या ओळी येतात नं, तो इतिहासही आर नीट बंद केल्यावरच डिस्कवर जातो. वायर ओढली की तोही नाही.

ही अक्कल मला फुकट नाही आली. २०१३ चा पावसाळा. एका पोराचं सोयाबीनचं काम माझ्याकडे होतं, तुझ्यासारखंच आठ गुणिले तीन, चोवीस प्लॉट. ट्रीटमेंटची नावं टी-वन, टी-टू अशी अक्षरात, म्हणून आरनं त्यांना बरोबर गट धरलं. रेप्लिकेशनच्या रकान्यात मात्र नुसतं १, २, ३. आरला ते मोजमाप वाटलं, जसं काही तिसरं रेप्लिकेशन पहिल्याच्या तिप्पट आहे. माझ्या ते ध्यानात आलं. कन्सोलमध्येच एक ओळ मारून रेप्लिकेशनला फॅक्टर, म्हणजे गट, केलं, आणि कोष्टक जसं पाहिजे तसं आलं: डिग्रीज ऑफ फ्रीडम (हिशेबात मोकळे राहणारे आकडे) रेप्लिकेशनचे २, ट्रीटमेंटचे ७, एररचे (उरलेल्या फरकाचे) १४, एकूण २३. खूश होऊन चहा मांडायला उठलो. लाइन गेली.

रात्री साडेनऊला आली. स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची सेव्ह केलेली फाइल, पुन्हा चालवली, प्रिंट काढली, सकाळच्या एसटीनं पोराकडे पाठवून दिली. फॅक्टरची ती ओळ स्क्रिप्टमध्ये नव्हतीच, कन्सोलमध्ये होती, लाइनसोबत गेली. छापलेल्या कोष्टकात रेप्लिकेशनसमोर १ आणि एररसमोर १५. सीडी (दोन ट्रीटमेंट वेगळ्या म्हणायला लागणारा किमान फरक) काढताना टी-कोष्टकातला आकडा २.१४५ ऐवजी २.१३१ धरला गेला, एररचा मीन स्क्वेअरही हलला, आणि ज्या दोन ट्रीटमेंट बरोबरीच्या होत्या त्या वेगळ्या ठरल्या. पोराच्या गाइडनं ते १५ पाहिले आणि पान परत पाठवलं. एका नजरेत दिसलं त्यांना. मी ते कोष्टक तीनदा चाळलं होतं.

तेव्हापासून कन्सोलमध्ये टाइप करणं बंद. ओळ एडिटरमध्ये लिहायची, तिथूनच एका बटनानं आरकडे पाठवायची. आर बंद करताना ते विचारतं, वर्कस्पेस (आरच्या मेमरीतला पसारा) सेव्ह करू का. दरवेळी नाही म्हणायचं. मग दुसऱ्या दिवशी सगळं स्क्रिप्टमधूनच उभं करावं लागतं आणि राहिलेली ओळ बहुतेक वेळा लगेच बोंब मारते. एडिटरकडून मला दोनच गोष्टी पाहिजेत: न सांगता सेव्ह करणं, आणि एका बटनानं ओळ पाठवणं. बाकीचं सगळं बैलपोळ्याच्या झुली.

आता तुझे चार. आरस्टुडिओबद्दल मॅडमचं काही चुकत नाही. कंट्रोल-एंटर मारलं की ओळ खाली जाते, ग्राफ शेजारीच दिसतो, सेव्ह न केलेला मजकूरही ते सांभाळून ठेवतं. ते आलं २०११ मध्ये. कंपनीनं २०२२ मध्ये स्वतःचं नाव बदलून पॉझिट केलं, तेव्हा जुन्या व्हिडिओत एक नाव आणि साइटवर दुसरं दिसलं तर गडबडू नको. त्रास एकच, त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलेला आहे. व्हीएस कोडचंही तेच. चार जीबीत आरस्टुडिओ चालतं, नाही असं नाही, पण सोबत फायरफॉक्समध्ये दहा टॅब उघडलेस की गाडी चिखलात रुतते. व्हीएस कोडला वरून आरचं एक्स्टेन्शन आणि लँग्वेज सर्व्हर लावत बसावं लागतं. तुझ्या मशीनवर ते सोडून दे.

व्हिमबद्दल मला माया आहे. ब्रॅम मूलेनार या डच माणसानं १९९१ मध्ये ते काढलं आणि २०२३ मध्ये वारेपर्यंत सांभाळलं. पैसे मागायचा नाही, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा म्हणायचा. व्हिम नुसतं उघडलं तरी पडद्यावर ते दिसतं. पण त्यात लिहायचा मोड वेगळा, हुकुमाचा मोड वेगळा. प्रबंध मार्चमध्ये द्यायचा असेल तर पेरणीच्या दिवशी नवा गोऱ्हा जुंपू नये. मैत्रिणीला सांग, पुढच्या वर्षी.

मी स्वतः ईमॅक्सवाला, त्याला ईएसएस नावाचं पॅकेज जोडून. एका अंगाला स्क्रिप्ट, दुसऱ्या अंगाला आर, मधे कंट्रोल-एंटर. जुन्या ईएसएसची एक खोड होती, अंडरस्कोर दाबला की असाइनमेंटचा बाण (किंमत नावात ठेवायची खूण) उमटायचा; फाइलच्या नावात अंडरस्कोर घालताना मी त्याला मनापासून शिव्या घातल्यात. नव्यात ते काढलं. मामेभावाला सांग, बंद करायला कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-सी. भिंतीवर लिहून ठेव म्हणा.

तू मात्र आज जीनी घे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतं, चिमणीएवढं आहे, चार जीबीत त्याचं असणं जाणवतही नाही. पण तीन गोष्टी पहिल्याच दिवशी कर, नाही तर मला शिव्या देशील.

टूल्स मेनूत प्लगइन मॅनेजर उघड, सेव्ह ॲक्शन्सवर टिक मार, त्याच्या सेटिंगमध्ये ऑटो सेव्ह चालू कर. वेळ तीनशे सेकंदांचा असतो, आपल्या लाइनला पाच मिनिटं म्हणजे फार झाली, तीस कर. नाव न दिलेल्या फाइलवर भरवसा ठेवू नको, आधी नाव दे.

मग प्रेफरन्सेसमध्ये कीबाइंडिंग्ज, तिथं ‘सेंड सिलेक्शन टू टर्मिनल’ शोध. त्याला बटन दिलेलंच नसतं. कंट्रोल-एंटर दे, म्हणजे उद्या आरस्टुडिओवर किंवा ईमॅक्सवर गेलीस तरी बोटांना तेच माहीत. खालच्या टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) आर सुरू कर आणि ओळ पाठवून बघ. ओळ खाली जाईल, पण चालणार नाही, नुसती उभी राहील, नि तुला वाटेल आर बिघडलं. बिघडलं नाही. चुकून भलताच हुकूम चालू नये म्हणून जीनी ओळीच्या शेवटचं एंटर काढून घेतं. प्रेफरन्सेसमध्येच ‘व्हेरियस’ नावाचं पान आहे, त्यात ‘सेंड सिलेक्शन अनसेफ’ला टिक कर. नाव वाचून घाबरू नको, आपलीच ओळ आपल्याच आरकडे चालली आहे. यानंतरही कर्सर आपोआप खालच्या ओळीवर जात नाही, बाण दाबावा लागतो. आठवड्यात हाताला बसतं. ग्राफ वेगळ्या खिडकीत उघडेल.

लाइनचीच आणखी एक गोष्ट. लिनक्सवर आरच्या आतून पॅकेज टाकायला गेलं की बहुतेक वेळा ते मूळ कोडपासून बांधायला घेतं. तुझ्या मशीनवर मोठ्या पॅकेजला अर्धा-पाऊण तास सहज जाईल, आणि मधेच लाइन गेली की लायब्ररीच्या फोल्डरमध्ये शून्य-शून्य-लॉक नावाचं फोल्डर पडून राहतं. पुढच्या वेळी आर म्हणतं, इथं आधीच कोणी काम करून राहिलं. कोणी करत नाही, ते फोल्डर उडव आणि पुन्हा टाक. त्यापेक्षा आर-क्रॅनपासून नाव सुरू होणारी तयार पॅकेजं ॲप्टनं (मिंटच्या सॉफ्टवेअर टाकायच्या हुकुमानं) घे, ती बांधलेलीच येतात. थोडी जुनी असतात, तुझ्या कामाला पुरतात.

आणि रेप्लिकेशनला फॅक्टर करायची ओळ डेटा वाचल्यावर लगेच, दुसऱ्याच नंबरवर लिही. एररचे १४ आले का पाहा, मगच बाकीचं कोष्टक वाच.

प्रश्न : मी मेळघाटात शिक्षक आहे. शाळांच्या हजेरीचा ग्राफ आरमध्ये काढतो. पडद्यावर सेमाडोह, धारणी ही नावं छान दिसतात, पीडीएफ केलं की टिंबंच टिंबं. एडिटर बदलू का? टर्मिनलमध्ये तर वेलांट्यासुद्धा फुटतात.

उत्तर : गुरुजी, एडिटरचा काही दोष नाही. आरचं नेहमीचं पीडीएफ काढायचं फंक्शन जुन्या वळणाचं आहे, त्याला देवनागरी झेपत नाही. अक्षर सापडलं नाही की टिंब ठेवतं. त्याऐवजी कैरो-पीडीएफ वापरा. जीजीप्लॉट (आरचं ग्राफचं पॅकेज) वापरत असाल तर जीजीसेव्ह करताना डिव्हाइस म्हणून तेच द्या. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाकून घ्या, दोन्ही फुकट. टर्मिनलचं म्हणाल तर ते प्रत्येक अक्षराला एकेक चौकट देतं, त्यात आपली जोडाक्षरं आणि मात्रा नीट बसत नाहीत. आतला डेटा शाबूत असतो. गावांची नावं तपासायची तर फाइल जीनीत किंवा ईमॅक्सच्या खिडकीत उघडा, टर्मिनलमधल्या फुटक्या अक्षरांवरून दुरुस्ती करत बसू नका. मी एकदा बसलो होतो, धडधाकट नावं बिघडवून ठेवली. आणि कोणी दिलेली यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा. ते काम कोणताच एडिटर तुमच्यासाठी आपोआप करणार नाही.

प्रश्न : मोर्शीकडचा संत्र्याचा कास्तकार आहे. पोरगा दिवसभर काळ्या पडद्यावर इंग्रजीत टाइप करून राहतो. म्हणतो आर नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. फुकटाचं खरं असते काय? का टाइमपास करून राहिला?

उत्तर : भाऊ, फुकट आहे हे खरं. न्यूझीलंडातल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन मास्तरांनी शिकवण्यासाठी म्हणून आर सुरू केलं, दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर तेच. १९९५ मध्ये त्यांनी ते सगळ्यांना मोकळं करून दिलं, आणि पहिली पक्की आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. तुमच्या पोराला त्यासाठी कोणाला पैसा द्यावा लागत नाही, पुढंही लागणार नाही.

टाइमपासचं मला इथून कसं दिसणार? गेल्या पाच वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या असतील नं घरात, तारेला टोचून ठेवलेल्या? त्या त्याच्यापुढं टाका. आंबिया किती गेला, मृग किती, भाव काय लागला, कोणत्या महिन्यात. म्हणा, एक ग्राफ काढून दे, मला चष्म्याशिवाय दिसेल एवढा. दोन दिवसांत नाही निघाला तर पत्र टाका, मग मी विचारतो त्याला.