मॅस्टोडॉनसारख्या, स्वयंसेवकांनी चालवलेले अनेक सर्व्हर मिळून बनलेल्या सोशल नेटवर्कना सामान्य माणसाने हातभार कसा लावावा? नुसतं खातं उघडून काही होतं का?

नुसत्या खात्याने फारसं काही होत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं आणि भारतातून मॅस्टोडॉनवर लोंढा आला, त्यात मीही होतो. आठवडाभर सगळे एकमेकांना नमस्कार करत होते, मग बरेचजण गुपचूप परतले. मी राहिलो, पण सोसायटीतल्या भाडेकरूसारखा. लिफ्ट बंद पडली की तक्रार करायची, एरवी सेक्रेटरी कोण हेही माहीत नाही.

पुढे आमचा सर्व्हर चालवणाऱ्या ॲडमिनने कळवलं की तीन महिन्यांनी सर्व्हर बंद करतोय. पैसे कमी पडत होतेच, पण मुळात माणूस दमला होता. दिवसा नोकरी, रात्री कोणी कोणाला शिव्या दिल्या ते निस्तरायचं, रविवारी अपडेट. मी दुसऱ्या सर्व्हरवर गेलो. फॉलोअर सोबत आले, पण जुन्या पोस्टी हलवता येत नाहीत, त्या गेल्या.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: सर्व्हर चालवणाऱ्याला पैसे द्या. तुम्ही ज्यांना फॉलो करता ते दुसऱ्या सर्व्हरवर असले तरी त्यांच्या फोटो-व्हिडिओंची प्रत तुमच्या सर्व्हरवरही साठते. त्यामुळे पाचपन्नास माणसांच्या सर्व्हरचीसुद्धा डिस्क भरत राहते. जाहिराती नसतात, मग बिल कोण भरणार? लिबरापे, पॅट्रिऑन अशा वर्गणी पाठवायच्या साइट असतात, जी असेल तिच्यावरून द्या. मात्र ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम बदलले, तेव्हापासून परदेशी ठिकाणचे दरमहाचे आपोआप हप्ते आपल्या कार्डांवरून अडखळतात. मी वर्षाची वर्गणी एकदम देतो, गणपतीच्या वर्गणीइतकीच.

सर्व्हर निवडतानाच थोडं बघा. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरना काही अटी मान्य कराव्या लागतात: रोज बॅकअप, अडीअडचणीला एकाहून अधिक माणसांच्या हाती चाव्या, द्वेषाच्या पोस्टींवर कारवाई आणि बंद करायचं झाल्यास किमान तीन महिन्यांची सूचना. आम्हाला ती सूचना मिळाली म्हणून निदान फॉलोअर तरी वाचले. सगळ्यांनी सगळ्यात मोठ्या सर्व्हरवरच गर्दी केली तर मग विकेंद्रित ते काय राहिलं?

पैसे नसतील तर वेळ द्या. एखाद्या पोस्टीची तक्रार करताना कारण नीट दोन ओळींत लिहा. मराठी पोस्टीवरचा टोमणा तक्रारी निस्तरणाऱ्या जर्मनीतल्या मॉडरेटरला कसा कळावा? क्राउडिन या भाषांतराच्या साइटवर मॅस्टोडॉनचं मराठी भाषांतर करता येतं. आणि आवडलेली पोस्ट बूस्ट करा, म्हणजे आपल्या फॉलोअरांकडे पुढे पाठवा. नुसतं आवडल्याचं चिन्ह दाबलं तर ते लिहिणाऱ्याला कळतं, पण पोस्ट तुमच्या फॉलोअरांपर्यंत जात नाही.

उत्साहाच्या भरात लगेच स्वतःचा सर्व्हर मात्र टाकू नका. आधी कुणाचा तरी मॉडरेटर म्हणून सहा महिने काढा. मी काढले. आता वर्गणी पाठवली की ॲडमिन मला डिस्कच्या बिलाचा स्क्रीनशॉट पाठवतो, आणि मी तो वाचतो.